ऑगस्टने फेब्रुवारीचा दिवस चोरला नाही

माझ्या भाचीला मुठीवर महिने मोजायला मीच शिकवलं. मूठ आवळायची, हाडाचा उंचवटा आला की एकतीस, मधली खाच आली की तीस, फेब्रुवारी तेवढा वेगळा लक्षात ठेवायचा. ती मोजत मोजत जुलैपर्यंत आली, चौथा उंचवटा संपला, परत पहिल्या उंचवट्यावर बोट ठेवून ऑगस्ट म्हणाली आणि तिथेच थांबली. "मावशी, दोन उंचवटे लागोपाठ कसे आले गं?"

मला लहानपणी जी गोष्ट सांगितली होती तीच मी तिला सांगितली. ज्युलियस सीझरच्या नावाचा जुलै, त्याला एकतीस दिवस, त्याच्यानंतर रोमचा सम्राट झालेल्या ऑगस्टसला वाटलं की माझा महिना तीसचाच का, म्हणून त्याने फेब्रुवारीचा एक दिवस काढून आपल्या महिन्यात घातला आणि तेव्हापासून फेब्रुवारी अठ्ठावीसचा. तिला गोष्ट फार आवडली. दुसऱ्या दिवशी तिने ती वर्गात सांगितली, बाईंनी शाबासकी दिली, आणि आता ती वर्गातल्या सगळ्या मुलांच्या डोक्यात पक्की बसलीय.

ही गोष्ट खोटी आहे. तपशिलात थोडं इकडेतिकडे झालंय असं नाही, मुळातच असं काही घडलेलं नाही. तिची एक जुळी बहीण पण फिरत असते, ती म्हणजे "आधी वर्षात दहा महिने होते, मग दोन राजांनी आपल्या नावाचे जुलै आणि ऑगस्ट मध्ये घुसवले, म्हणून सातवा सप्टेंबर नववा झाला". ती पण खोटी. दोन्ही गोष्टी क्विझमध्ये विचारतात, जनरल नॉलेजच्या पुस्तकांत छापतात, दर ऑगस्टला फॉरवर्ड होतात, आणि चांगली शिकलेली माणसं त्या मुलांना सांगतात. मी पण सांगितली. मला असं मनापासून वाटतं की हे थांबायला हवं, निदान जिथे मुलं शिकतात तिथे तरी, आणि "एवढंसं तर आहे, त्यात काय" हे उत्तर मला पटत नाही, का ते सांगते.

आधी दुसरी गोष्ट घेऊ कारण ती खोडायला पुस्तक सुद्धा लागत नाही, आपले मराठी कान पुरतात. सप्टेंबर, ऑक्टोबर, नोव्हेंबर, डिसेंबर हे शब्द म्हणून बघा, त्यात सप्त, अष्ट, नव, दश ऐकू येतात, कारण लॅटिन आणि संस्कृत या एकाच घराण्यातल्या भाषा आहेत. म्हणजे ही नावं पडली तेव्हा हे महिने सातवे, आठवे, नववे, दहावे होते, आणि मोजणी मार्चपासून सुरू होत होती. आता मोजा. मार्च पहिला, एप्रिल दुसरा, मे तिसरा, जून चौथा. आणि सप्टेंबर सातवा. मग पाचवा आणि सहावा कुठे गेले? जुलै आणि ऑगस्ट नंतर घुसवले असतील तर त्याआधी चारनंतर एकदम सात येत होते असं मानावं लागेल, आणि असं कुणी मोजत नाही. पाचवा आणि सहावा तिथेच होते, त्यांची नावं होती क्विंटिलिस आणि सेक्स्टिलिस. सेक्स्टिलिसमधला सेक्स्ट म्हणजे आपला षष्ठ. हेच दोन महिने पुढे जुलै आणि ऑगस्ट झाले. नवा महिना एकही आला नाही, पाट्या बदलल्या. क्विंटिलिसचा जुलै झाला इ.स.पू. ४४ मध्ये, ज्या वर्षी सीझरचा खून झाला त्याच वर्षी, आणि सेक्स्टिलिसचा ऑगस्ट झाला इ.स.पू. ८ मध्ये.

मग आकडे दोनाने का सरकले? कारण जानेवारी आणि फेब्रुवारी वर्षाच्या तोंडाशी आले. रोमची स्वतःची परंपरा सांगते की अगदी जुनं वर्ष दहा महिन्यांचं, ३०४ दिवसांचं होतं आणि हिवाळ्याचे दिवस कुठल्याच महिन्यात धरत नव्हते, नंतर त्या मोकळ्या जागेत हे दोन महिने आले. इ.स.पू. १५३ पासून रोमचे कॉन्सल, म्हणजे तिथले वर्षभरासाठी निवडलेले दोन सर्वोच्च अधिकारी, १ जानेवारीला पदावर यायला लागले, आणि रोमन लोक वर्ष ओळखायचे ते कॉन्सलच्या नावाने, त्यामुळे कारभाराचं वर्षच जानेवारीत सुरू व्हायला लागलं. सीझर तेव्हा जन्मालाही आला नव्हता. ज्या बदलाचा आळ आपण सीझर आणि ऑगस्टसवर घेतो तो त्यांच्या कितीतरी आधी होऊन गेला होता.

आता चोरीची गोष्ट.

इटलीत रोमच्या दक्षिणेला समुद्रकाठी अँझिओ नावाचं गाव आहे, जुनं नाव अँटियम. तिथल्या उत्खननात भिंतीवर रंगवलेल्या एका कॅलेंडरचे तुकडे मिळाले. पांढऱ्या गिलाव्यावर काळ्या आणि लाल रंगात अक्षरं, प्रत्येक महिन्याचा एक उभा रकाना, रकान्यात एकाखाली एक दिवस, आणि तळाशी त्या महिन्याचे एकूण दिवस रोमन आकड्यात. हे कॅलेंडर सीझरने कॅलेंडर सुधारलं त्याच्या आधीचं आहे, त्यामुळे त्यात जुलै नाही, ऑगस्ट नाही, क्विंटिलिस आणि सेक्स्टिलिस आहेत. आणि शेवटी एक तेरावा रकाना आहे, अधिक महिन्याचा. या भिंतीवर फेब्रुवारीचे दिवस अठ्ठावीसच आहेत. ऑगस्टस जन्माला यायच्या सुमारास रंगवलेली भिंत, आणि तिच्यावर फेब्रुवारी आधीच अठ्ठावीसचा! जो दिवस फेब्रुवारीकडे नव्हताच तो चोरणार कोण?

सेक्स्टिलिस तिथे एकोणतीसचा आहे, तीसचा नाही. जुन्या रोमन वर्षात मार्च, मे, क्विंटिलिस आणि ऑक्टोबर हे चारच महिने एकतीसचे, फेब्रुवारी अठ्ठावीसचा आणि उरलेले सातही एकोणतीसचे. बेरीज करा, १२४ अधिक २८ अधिक २०३, झाले ३५५. सूर्याच्या वर्षापेक्षा हे दहा-अकरा दिवस कमी, म्हणून मधूनमधून अधिक महिना घालायचा, आणि तो कधी घालायचा हे ठरवायचं पुरोहितांनी, जे स्वतःच राजकारणात असायचे, त्यामुळे आपल्या माणसाचं पद लांबवायचं तर महिना घाला, विरोधकाचं आखूड करायचं तर घालू नका, असे प्रकार चालायचे. सीझरच्या वेळेपर्यंत कॅलेंडर आणि ऋतू यांची इतकी फारकत झाली होती की ती भरून काढायला इ.स.पू. ४६ हे एकच वर्ष ४४५ दिवसांचं करावं लागलं. मग पुढच्या वर्षापासून ३६५ दिवसांचं नवं वर्ष आणि दर चौथ्या वर्षी एक जास्तीचा दिवस. ३५५ चे ३६५ करायला दहा दिवस वाटायचे होते, ते त्याने असे वाटले: जानेवारी, सेक्स्टिलिस आणि डिसेंबरला दोन-दोन, एप्रिल, जून, सप्टेंबर आणि नोव्हेंबरला एक-एक. झाले दहा. म्हणजे ऑगस्टला एकतीस दिवस मिळाले ते सीझरच्या हातून, जेव्हा त्याचं नाव अजून सेक्स्टिलिसच होतं आणि ऑगस्टस हा सतरा-अठरा वर्षांचा ऑक्टेव्हियस नावाचा मुलगा होता.

अजून एक पुरावा मला फार आवडतो कारण तो महिन्यांच्या पोटातच लपलाय. रोमन महिन्याच्या मध्यावर आयडीज नावाचा खास दिवस असायचा. जुन्या एकतीसच्या चार महिन्यांत तो पंधराव्या दिवशी, बाकी सगळ्यांत तेराव्या दिवशी. १५ मार्च ही सीझरच्या खुनाची तारीख आयडीज म्हणूनच प्रसिद्ध आहे. सीझरने महिने लांबवले तेव्हा जुने सण हलू नयेत म्हणून दिवस शेवटाकडे घातले आणि आयडीज जागच्या जागी ठेवला. त्यामुळे ऑगस्ट एकतीसचा झाला तरी त्याचा आयडीज तेरालाच राहिला, जानेवारी आणि डिसेंबरसारखाच, कारण हे तिघं एकाच वाटपातले. आणि ऑक्टोबरचा आयडीज पंधराला, म्हणजे ऑक्टोबर पहिल्यापासून एकतीसचा. आता प्रचलित गोष्टीची लांब आवृत्ती काय म्हणते बघा, की सीझरच्या वेळी एकाआड एक ३१-३० असे छान महिने होते, सप्टेंबर ३१, ऑक्टोबर ३०, आणि ऑगस्टला ३१ केल्यावर तीन एकतीस लागोपाठ यायला नकोत म्हणून पुढचे चारही महिने उलटे केले. ऑक्टोबर सीझरच्या वेळी तीसचा असता तर त्याआधी त्याचा एक दिवस सीझरने काढून घेतला असं म्हणावं लागेल, आणि सीझरने कुठल्याच महिन्याचा दिवस काढला नाही, फक्त घातले.

मग ही गोष्ट आली कुठून? तेराव्या शतकात पॅरिसला शिकवणारा साक्रोबोस्को नावाचा विद्वान होऊन गेला, त्याच्या कालगणनेवरच्या पुस्तकात ती आहे. ऑगस्टस मरून तोपर्यंत बाराशे वर्षं झाली होती. माणूस मोठा होता, त्याचं खगोलशास्त्राचं पुस्तक युरोपात कित्येक शतकं शिकवलं गेलं, आणि मला वाटतं त्यामुळेच ही गोष्ट टिकली, की मोठ्या माणसाच्या पुस्तकात आहे म्हणजे खरीच असणार. त्याने वाईट हेतूने केलं असं मी म्हणत नाही. त्याच्यासमोर पण तोच प्रश्न होता जो माझ्या भाचीला पडला, की दोन एकतीस लागोपाठ का, आणि त्याने असं उत्तर जुळवलं ज्यात सगळं नीट बसतं. सगळं नीट बसतं म्हणूनच आपल्याला ते खरं वाटतं. अँझिओची भिंत त्याच्यापुढे नव्हती, आपल्यापुढे आहे, आपण ती बघून सुद्धा जुनीच गोष्ट सांगत राहिलो तर ती चूक त्याची नाही, आपली आहे.

यावर मला नेहमी जे सांगितलं जातं ते असं, की अगं गोष्ट खोटी असेल पण तिचं सार खरं आहे, राजे अहंकारी असतात हे मुलांना कळतं ना. मी यावर खूप विचार केला. अहंकार शिकवायचा असेल तर रोमकडे खरी उदाहरणं ढिगाने आहेत आणि ती या खोट्या गोष्टीपेक्षा कितीतरी बोलकी आहेत. सम्राट कॅलिग्युलाने सप्टेंबरला आपल्या वडिलांचं, जर्मॅनिकसचं नाव दिलं. नीरोने एप्रिलला स्वतःचं नाव दिलं. डोमिशियनने सप्टेंबरला जर्मॅनिकस आणि ऑक्टोबरला डोमिशियानस केलं, आणि इ.स. ९६ मध्ये त्याचा खून झाला तो १८ सप्टेंबरला, म्हणजे त्याने स्वतः नाव बदललेल्या महिन्यातच, आणि तो मेल्यावर दोन्ही महिने परत सप्टेंबर ऑक्टोबर झाले. कॉमोडसने तर बाराही महिन्यांना आपलीच नावं आणि बिरुदं दिली. तो गेला इ.स. १९२ च्या शेवटच्या दिवशी आणि त्याच्या बरोबर ते बारा महिने पण गेले. आणि या सगळ्यांत टायबेरियस, ऑगस्टसच्या लगेच नंतरचा, त्याला सिनेटने, म्हणजे रोमच्या वरिष्ठ सभेने, महिना देऊ केला तर त्याने विचारलं की तेरा सीझर, म्हणजे तेरा सम्राट, झाले तर काय कराल? रोमचा इतिहास लिहिणाऱ्या कॅशियस डिओने हे लिहून ठेवलंय. मला रोमच्या सगळ्या इतिहासात हा प्रश्न सर्वात शहाणा वाटतो आणि तो क्विझमध्ये कधी येत नाही, दिवस चोरल्याची खोटी गोष्ट येते.

म्हणजे खरा प्रश्न हा आहे की इतक्या जणांनी प्रयत्न केला आणि ऑगस्ट एकटाच जुलैच्या शेजारी टिकला तो का. खोट्या गोष्टीने हाच प्रश्न मारून टाकला, कारण एकदा "राजाच्या मनात आलं" असं म्हटलं की पुढे विचारायला काही उरत नाही.

इ.स.पू. ८ मध्ये काय झालं ते नीट बघितलं तर उत्तराचा थोडा भाग तिथेच दिसतो. सीझर गेल्यावर त्याचं नवं कॅलेंडर चालवायचं काम पुरोहितांकडे आलं आणि त्यांनी ते बिघडवलं. रोमन लोक मोजताना सुरुवातीचं टोक पण धरायचे, त्यामुळे "दर चौथ्या वर्षी" याचा अर्थ त्यांनी आपल्या हिशोबाने दर तिसऱ्या वर्षी असा घेतला. छत्तीस वर्षांत नऊ जास्तीचे दिवस घालायचे होते, घातले बारा. कॅलेंडर परत सरकायला लागलं. ऑगस्टसने ही चूक सुधारली, पुढची काही वर्षं लीप दिवस घालायचाच नाही असा हुकूम काढला आणि हिशोब जागेवर आणला. महिन्याला त्याचं नाव मिळालं ते याच दुरुस्तीच्या काळात, सम्राटांची चरित्रं लिहिणारा सुएटोनियस दोन्ही गोष्टी एका दमात सांगतो. ज्या माणसाने कॅलेंडरमधले तीन जास्तीचे दिवस काढून ते सरळ केलं त्यालाच आपण कॅलेंडरमधला दिवस चोरणारा म्हणतो. तो काही संत नव्हता, सत्तेवर येताना त्याच्या हातून भयंकर रक्तपात झाला, पण जे त्याने केलं नाही ते त्याच्या नावावर का मांडायचं?

त्याचा जन्म सप्टेंबरचा, २३ तारखेचा, तरी त्याने सेक्स्टिलिस निवडला. सिनेटच्या ठरावातली कारणं मॅक्रोबियस या नंतरच्या रोमन लेखकाने जपून ठेवलीत: याच महिन्यात तो पहिल्यांदा कॉन्सल झाला, याच महिन्यात त्याच्या तीन विजययात्रा रोममध्ये निघाल्या, याच महिन्यात इजिप्त रोमच्या ताब्यात आलं आणि यादवी युद्ध संपलं. मला यातलं शेवटचं कारण सर्वात जड वाटतं. शंभर वर्षं एकमेकांचे गळे कापल्यावर ज्या महिन्यात ते थांबलं तो महिना लोकांच्या पण लक्षात असणार. आणि इ.स. १४ मध्ये तो मेला तो पण १९ ऑगस्टला, ज्या तारखेला पहिल्यांदा कॉन्सल झाला होता त्याच तारखेला.

आता शब्दाकडे येते, कारण माझं खरं प्रेम तिथे आहे. ऑगस्टस हे त्याचं नाव नव्हतंच, ती पदवी होती, इ.स.पू. २७ च्या जानेवारीत सिनेटने दिलेली. काही जण त्याला रोम्युलस म्हणा म्हणत होते, पण ऑगस्टस ठरलं. अर्थ पूज्य, पवित्र, ज्याच्यापुढे मान आपोआप झुकावी असा. लॅटिनमधल्या वाढवणं या क्रियापदाशी त्याचं नातं सांगतात, आणि त्या क्रियापदाचं मूळ आपल्याकडे पण आहे, ओजस्. ओजस्वी म्हणतो त्यातला ओज. त्याच क्रियापदातून इंग्रजीत ऑक्शन आला, ज्यात बोली वाढत जाते तो लिलाव, आणि ऑथर आला, जो काहीतरी वाढवतो, जन्माला घालतो तो. आणि निकनेम सुद्धा! जुन्या इंग्रजीत त्याच मुळातला एक शब्द होता, अर्थ वाढीव, त्यावरून मूळ नावाला जोडलेलं वाढीव नाव म्हणजे एकनेम, आणि "अ‍ॅन एकनेम" भराभर म्हणता म्हणता "अ निकनेम" झालं. ऑगस्टस पण नावाला जोडलेलं वाढीव नावच की.

इंग्रजीत हा शब्द दोन वेषांत फिरतो. महिना असेल तर पहिलं अक्षर मोठं आणि जोर सुरुवातीला. विशेषण असेल तर अक्षर लहान आणि जोर शेवटच्या भागावर, ऑ-गस्ट्, अर्थ भव्य, आदरणीय, "ऑगस्ट गॅदरिंग" असं भाषणात म्हणतात तेव्हा त्याचा महिन्याशी काही संबंध नसतो. मी स्वतः भाषांतराच्या कामात असते आणि "ऑगस्ट बॉडी"चं भाषांतर "ऑगस्ट महिन्यातील मंडळ" असं झालेलं माझ्या हातात आलंय, छापायला जायच्या अगदी आदल्या दिवशी. ज्याने केलं तो हुशार माणूस होता, त्याला विशेषण कधी कुणी सांगितलंच नव्हतं. शाळेत महिन्याची खोटी गोष्ट सांगायला जेवढा वेळ जातो तेवढ्यात हा फरक सांगून होतो.

या पदवीचा प्रवास तर थक्क करणारा आहे. ग्रीक लोकांनी तिचं भाषांतर सेबास्टोस केलं, त्यातून सेबास्टियन हे नाव आलं आणि सेवास्तोपोल हे शहराचं नाव पण. स्पेनमधलं झारागोझा म्हणजे मुळात सीझरऑगस्टा, घासून घासून असं झालं. जर्मनीतलं ऑग्सबुर्ग, इटलीतलं आओस्ता, सगळी याच पदवीची. आणि सर्कशीत लाल नाक, मोठे बूट घालून सारखा धडपडणारा जो विदूषक असतो त्या प्रकाराला युरोपात ऑगस्ट म्हणतात. जगातल्या सर्वात बलाढ्य माणसाची पदवी एकोणिसाव्या शतकात विदूषकाचं नाव झाली, कुणी ठराव न करता, लोकांच्या तोंडून.

आणि मला वाटतं महिना टिकला तो पण लोकांच्या तोंडूनच. उत्तर गोलार्धात, युरोपात, हा कापणीचा महिना. शेतकऱ्याला सिनेटचा ठराव कुठे माहीत असणार, त्याला एवढं माहीत की या नावाच्या महिन्यात पीक हातात येतं. डच भाषेत कापणीला, हंगामाला शब्द आहे ओग्स्ट, तो या ऑगस्टसचाच झिजलेला. सम्राट गेला, पदवी गेली, उरला तो धान्याचा ढीग. जुन्या फ्रेंचमध्ये पण याच शब्दाचा अर्थ कापणी असा होता, आज त्याच्या फ्रेंच उच्चारात नुसता "ऊ" किंवा "ऊत" शिल्लक राहिलाय. स्पॅनिशमध्ये संधी साधून भरपूर कमाई करणाऱ्याबद्दल म्हणतात की त्याने आपला ऑगस्ट करून घेतला. इटलीत १५ ऑगस्टला फेरागोस्तोची सुट्टी असते, तिचं मूळ ऑगस्टसच्या नावाच्या सुट्ट्यांत. नीरोच्या एप्रिलला असं काहीच चिकटलं नाही, ते वरून लादलेलं होतं आणि वरचा माणूस गेल्यावर सुटून पडलं.

जिथे सम्राटाचं नाव घेतलं नाही तिथे लोकांनी सरळ कामाचं नाव ठेवलं. पोलिश आणि युक्रेनियनमध्ये या महिन्याचं नाव विळ्यावरून आहे, लिथुएनियनमध्ये राय नावाचं धान्य कापण्यावरून. फ्रँक राजा शार्लमेनने महिन्यांना आपल्या भाषेतली नावं दिली तेव्हा याला कापणीचा महिना म्हटलं, स्वतःचं नाव दिलं नाही. आणि इंग्लंडमध्ये रोमन नाव रुळायच्या आधी याला म्हणायचे वेओडमोनाथ, तणांचा महिना, आठव्या शतकात बीड या संन्याशाने हे लिहून ठेवलं आणि कारण पण दिलं, की तेव्हा तण सगळ्यात जास्त माजतं. दक्षिण गोलार्धात मात्र ऑगस्ट म्हणजे हिवाळ्याचा शेवट, तिथे या कापणीच्या अर्थाचा पत्ताच नाही, नाव मात्र तेच गेलं.

हे सगळं मुलांपर्यंत न पोचता एक चोरीची गोष्ट पोचते, याचं मला वाईट वाटतं आणि रागही येतो. पुस्तक काढणाऱ्यांचं म्हणणं असतं की जागा कमी असते, एका ओळीत बसेल असं हवं. मग एका ओळीत हे लिहा: सीझरने वर्षाला दहा दिवस वाढवले त्यातले दोन सेक्स्टिलिसला मिळाले, नंतर सेक्स्टिलिसचं नाव ऑगस्ट झालं. बसलं ना? क्विझ करणाऱ्यांनी "फेब्रुवारीचा दिवस कोणी घेतला" हा प्रश्न काढून टाकावा आणि "सप्टेंबर सातवा होता तेव्हा सहाव्याचं नाव काय होतं" असा घालावा, त्याचं उत्तर मुलं पाठ न करता काढू शकतात. शिक्षकांना मी हात जोडून सांगेन की गोष्ट रंगतदार आहे म्हणून सांगू नका, आणि आपण ती आधी सांगितली असेल तर परत त्याच वर्गात जाऊन ती मागे घ्या. मुलं त्याने आपल्याला कमी लेखत नाहीत. उलट मोठी माणसं तपासतात आणि बदलतात हे त्यांना दिसतं, आणि खोट्या फॉरवर्डच्या या दिवसांत ते दिसणं किती गरजेचं आहे हे मी वेगळं सांगायला नको. जो मुलगा ऑगस्टची गोष्ट कुणी सांगितली, कधी सांगितली, ती लिहिणारा त्यावेळी हजर होता का, एवढं विचारायला शिकला तो पुढे औषधाबद्दलचा मेसेज आला तरी हेच विचारेल.

मी माझ्या भाचीला परत बसवलं. तिला अँझिओच्या भिंतीचा फोटो दाखवला, तळाचे आकडे तिने रोमन लिपीतून वाचले, फेब्रुवारीपाशी येऊन म्हणाली अरे हा तर आधीच अठ्ठावीस आहे. मग कागद घेतला, बारा आकडे एकाखाली एक मांडले, बेरीज दोनदा केली कारण पहिल्यांदा ३५४ आली होती. दहा दिवस तिनेच वाटले, मी नुसती नावं सांगत होते. सगळं झाल्यावर तिने विचारलं की सात महिन्यांना दिवस दिले, मग सगळ्यात गरीब फेब्रुवारीलाच का नाही दिला एक?

मी तिला मॅक्रोबियसचं कारण सांगितलं. फेब्रुवारी रोमन लोकांसाठी शुद्धीचा आणि मेलेल्यांची आठवण करायचा महिना होता, त्या दिवसांत ते आईवडिलांच्या, आजोबांच्या थडग्यांवर जायचे, पाताळातल्या देवांचे विधी त्याच महिन्यात असायचे, आणि त्या विधींना धक्का लागू नये म्हणून सीझरने तो महिना आहे तसा ठेवला. ती थोडा वेळ गप्प बसली, मग कागदावर फेब्रुवारीच्या पुढे बारीक अक्षरात लिहिलं, "आजोबांचा महिना, हात लावला नाही".